खांद्याला हलकी, सरकारला जड

अमेरिकेतल्या किंवा फिनलंडमधल्या शिकाऱ्याला नवी रायफल घ्यायची असली की तो आधी वजन बघतो. फिनलंडची टिक्का टी-३एक्स लाइट तीन किलोच्या आत भरते. अमेरिकेच्या किंबर कंपनीने अडीच किलोच्याही खाली जाणाऱ्या बोल्ट-अॅक्शन रायफली काढल्या आहेत. मग तो काडतूस ठरवतो, मग दुर्बीण, आणि परवाना हा प्रश्न असलाच तर सगळ्यात शेवटी. चेन्नईत हा क्रम बरोबर उलटा आहे. इथल्या बंदुकीच्या दुकानात पहिला प्रश्न परवान्याचा, दुसरा परवान्यावर कोणता बोअर, म्हणजे नळीचं माप, लिहिलाय याचा, तिसरा दुकानात काय शिल्लक आहे याचा. वजनाचं कुणी विचारतच नाही.

याच शहराच्या आवडी उपनगरात १९६० च्या दशकापासून सैन्याचे रणगाडे बनतात. दक्षिणेला काही तासांवर तिरुचिरापल्लीत बंदुकांचा सरकारी कारखाना आहे, तोही १९६६ पासून. रणगाड्यांच्या या शहरात तीन किलोची, साधी, हाताने खटका ओढायची रायफल मिळवणं मात्र महाकठीण. याचं कारण बाजारात शोधून सापडत नाही. ते जुन्या नियमांत आणि त्याहून जुन्या भीतीत आहे.

अण्णा सालईवर, म्हणजे जुन्या माउंट रोडवर, पी. ऑर अँड सन्सची घड्याळाचा मनोरा असलेली इमारत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची ही पेढी, मद्रासच्या साहेबांना घड्याळं, चांदीची भांडी आणि दागिने पुरवणारी. ती बंदुकाही विकायची. इंग्लंडमध्ये घडवलेल्या दोन नळ्यांच्या रायफलींवर 'पी. ऑर अँड सन्स, मद्रास' अशी अक्षरं कोरलेली असत, आणि तशा रायफली आजही परदेशातल्या लिलावात अधूनमधून निघतात. कलकत्त्यात मँटन, मद्रासेत ऑर. साहेब बोटीतून उतरला की शिकारीचं सामान इथे घ्यायचा आणि निलगिरीच्या वाटेला लागायचा.

निलगिरीची वाट महत्त्वाची, कारण हलक्या रायफलीचं कौतुक डोंगरातच कळतं. मचाणावर बसून वाघाची वाट बघणाऱ्याला बंदूक पाच किलोची असली काय नि सहाची असली काय, ती मांडीवरच असते. मुकुर्तीच्या उतारांवर निलगिरी ताहर शोधणाऱ्याचं तसं नाही. ताहर हा कड्यांवर राहणारा रानबकरा, तमिळमध्ये 'वरैआडु'. साधारण १२०० ते २६०० मीटर उंचीवरच्या गवताळ माथ्यांवर तो चरतो आणि चाहूल लागली की सरळ कड्याकडे पळतो. त्याच्यामागे दिवसभर चढउतार करायचा, मग धापा टाकत आडवं पडून दीड-दोनशे मीटरवर नेम धरायचा. दोन नळ्यांची जड रायफल इथे नुसती ओझं. एकच नळी, हाताने मागेपुढे होणारा खटका, चपटा मार असलेलं काडतूस, हेच इथलं हत्यार.

वजन कमी केलं की फायदाच फायदा, असं मात्र नाही. गोळी आणि दारूचे वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून रायफल चार किलोवरून तीन किलोवर आणली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. शिवाय हलकी नळी धापेसरशी हलते, आणि बारीक असल्याने तीन-चार बारांत तापते. म्हणून जाणते शिकारी हलक्या रायफलीला सौम्य काडतूस जोडतात. दोन्हीकडून ताणलं की माणूस बार काढताना डोळे मिटू लागतो आणि चाप ओढण्याऐवजी हिसडतो. मग नेम कितीही पक्का असो, गोळी भलतीकडेच जाते.

हे सौम्य काडतूस जगाला १८९० च्या दशकातच सापडलं होतं: माउझरचं ७ × ५७ मिलिमीटर. लंडनच्या रिग्बी पेढीने ते उचललं, त्याला .२७५ रिग्बी असं इंग्रजी नाव दिलं आणि माउझरच्याच खटक्यावर हलक्या शिकारी रायफली बांधल्या. पॉल माउझरचा १८९८ चा खटका आजही बोल्ट-अॅक्शनचा पाया मानला जातो. खटक्याच्या तोंडाशी दोन भक्कम कान असतात. ते नळीच्या मागेच अडकतात आणि स्फोटाचा दाब तिथल्या तिथे झेलतात. बाजूची लांब नखी काडतूस पेटीतून वर येतानाच पकडते आणि रिकामं झाल्यावर बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, आडवी धरा, काडतूस निसटत नाही. जखमी जनावर समोर असताना या नखीचं मोल काय, हे शिकारी लोक पुस्तकं लिहून सांगत आले आहेत.

जिम कॉर्बेटकडे हीच .२७५ रिग्बी होती. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्याला भेट दिली. तशी पट्टीच दस्त्यावर आहे. गंमत अशी की वाघीण मरण पावली ती दुसऱ्याच बंदुकांनी; ही रायफल बक्षीस म्हणून मागाहून आली. रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र १९२६ साली कॉर्बेटने हिनेच टिपला. दक्षिणेत ज्याच्या शिकारकथा घरोघर वाचल्या गेल्या तो केनेथ अँडरसन बंगळूरचा. मद्रास इलाख्यातल्या सेलमच्या रानांत फिरणारा. त्याची आवडती रायफल .४०५ विंचेस्टर होती, आणि ती बोल्ट-अॅक्शन नव्हतीच. चापाखालची कडी खालीवर करून काडतूस भरायची. हत्याराबद्दल छातीठोक विधानं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काम दोघांचंही झालं.

चंपावतची वाघीण १९०७ साली मेली. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या प्रत्येक बंदूकवाल्याच्या कपाटाला हात घालणारा एक हुकूम निघाला, आणि माझ्या मते आजच्या चेन्नईतल्या ग्राहकाची गोष्ट खरी तिथून सुरू होते. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० बोअरच्या. त्या सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या आणि बंडखोरांच्या हाती पडलेल्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून .४५० ची काडतुसं हिंदुस्थानात आणायलाच सरकारने बंदी घातली. त्यावर इंग्लंडच्या बंदूककारांनी काय करावं? त्यांनी .४५० सोडून .४७०, .४६५, .४७५ आणि .४७६ अशी नवी काडतुसं काढली. हत्तीच्या आणि गव्याच्या शिकारीसाठी जगप्रसिद्ध झालेलं .४७० नायट्रो एक्सप्रेस हे असं बंदीच्या पोटी जन्मलेलं अपत्य आहे. त्यामागे ना हत्तीच्या कवटीचा अभ्यास होता, ना शिकाऱ्याच्या खांद्याचा.

हीच रीत .३०३ लाही लागू झाली. लष्कराची रायफल .३०३ ची, तेव्हा प्रजेच्या हाती .३०३ नको. चोरलेली लष्करी काडतुसं ज्यात बसतील असं काहीही नको. मग प्रजेसाठी म्हणून .३१५ आली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराने १८८० च्या दशकाच्या अखेरीस घेतलेलं ८ × ५० मिलिमीटरचं मॅनलिखर काडतूस, आणि ते उडवायला ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड धाटणीची रायफल. आधी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ती हिंदुस्थानसाठी बनवली. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने. साम्राज्य गेलं, ऑस्ट्रिया-हंगेरी नावाचा देशही गेला. त्याचं काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून बाहेर पडत राहिलं आणि उत्तर प्रदेशापासून तमिळनाडूपर्यंत परवान्यांवर '.३१५' हा आकडा उमटत राहिला.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, पण भीती तशीच राहिली. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत प्रतिबंधित हत्यारांची यादी आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, आणि या मापांची लष्करी काडतुसं ज्यात भरून उडवता येतील अशी दुसऱ्या कुठल्याही बोअरची रायफल. शब्द फार विचारपूर्वक घातलेले आहेत. जगभर हलक्या रायफलीसाठी हमखास निवडलं जाणारं एक काडतूस म्हणजे .३०८ विंचेस्टर. ते आखूड असल्यामुळे खटका आखूड करता येतो आणि रायफलीचं वजन सहज शे-दीडशे ग्रॅमनी उतरतं. पण .३०८ म्हणजे लष्करी ७.६२ चा जुळा भाऊ. एकाचं काडतूस दुसऱ्यात बसतं. इथे तो सामान्य माणसाला वर्ज्य. त्याचा थोरला भाऊ .३०-०६ मात्र चालतो. तोही मूळचा लष्करीच, अमेरिकन सैन्याचा, १९०६ सालचा. परंतु आपल्या सैन्याची ती नेहमीची गोळी नव्हे, म्हणून सुटला. आपल्या कारखान्यांनी .३०-०६ ची शिकारी रायफलही काढली. ती लांब खटक्याची आहे, जड आहे, आणि परवानाधारकाच्या आवाक्यातली बहुधा तीच सर्वात सरळ मार करणारी रायफल आहे.

ईशापूरच्या .३१५ ला नावं ठेवायची फॅशन आहे. मला ती निम्मीच पटते. ली-एनफिल्डचा खटका दोन महायुद्धांत चिखलात चालला. मऊ, जलद, न रुसणारा. पण त्याचे कान मागच्या टोकाला असतात, त्यामुळे दाबाखाली खटका किंचित लवतो, आणि जोरकस आधुनिक काडतुसांसाठी तो बांधलेलाच नाही. काडतूसही त्याच्याच स्वभावाचं: जवळपास सोळा ग्रॅमची बोथट गोळी, संथ चालीची. शंभर मीटरवर नेम बांधलेली .३१५ दोनशे मीटरवर फूटभर खाली मारते; .३०-०६ चं हलकं काडतूस तेवढ्याच अंतरावर तीन-चार इंच. शेतातल्या डुकरावर साठ-सत्तर मीटरवरून बार टाकायला .३१५ पुरेशी आहे. डोंगरातल्या ताहरवर तिने नेम धरणं हा आशावाद झाला.

दुर्बिणीचं पाहू, कारण रायफलीपेक्षा दुर्बिणीत जास्त पैसे घालावेत असं जगभरचे जुने नेमबाज सांगतात, आणि इथे तर ते जास्तच खरं आहे. हलक्या रायफलीवर तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण हा मध्यममार्ग. तिचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. छप्पन्न मिलिमीटरचं भिंग घेतलं की पाऊण किलोचा तुकडा डोक्यावर बसतो आणि दस्ता-नळीत वाचवलेलं सगळं वजन परत येतं. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणाची पट, जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरची प्रकाशाची चकती डोळ्यापर्यंत पोचते. चाळीसला नऊने भागलं की साडेचारच्या आत. तिन्हीसांजेला माणसाच्या बाहुल्या सहा-सात मिलिमीटरपर्यंत मोठ्या होतात, म्हणजे संध्याकाळी नऊ पटीवर दुर्बीण ठेवणारा हातचा उजेड घालवतो. सहावर आणावी, चित्र लहान पण उजळ. डोळा आणि भिंग यांत आठ-नऊ सेंटिमीटर अंतर हवंच. हलक्या रायफलीचा धक्का मोठा, आणि भुवईवर अर्धचंद्राची खूण पाडून घेतलेले नेमबाज प्रत्येक रेंजवर असतात.

दमट हवेचं वेगळं. मद्रासच्या समुद्राची हवा आणि उटकमंडचं धुकं, दोन्ही भिंगांच्या वाईटावर. जुन्या दुर्बिणींत आत बाष्प धरायचं आणि ऐन वेळी समोर दूध. अमेरिकेच्या ल्युपोल्ड कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस नळीतली हवा काढून नायट्रोजन भरायची युक्ती रूढ केली आणि हा त्रास संपला. म्हणजे निलगिरीच्या साहेबी शिकारीचा सगळा सुवर्णकाळ उघड्या माशीवर आणि आंधळ्या दुर्बिणींवर गेला. त्यात .३१५ च्या खटक्याच्या घरावर दुर्बीण बसवायला तयार जागाच नसते. कारागिराकडून बैठक करून घ्यावी लागते, ती धक्क्याने सैल होते, आणि मग गोळी कुठे जाते याला दुर्बीण जबाबदार की बैठक, हे कळायला महागडी काडतुसं जाळावी लागतात.

आणि हे सगळं जमवून मारायचं काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली, १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने बंदच केले. त्याआधीच मद्रास इलाख्यात एक विलक्षण गोष्ट घडली होती. शिकार टिकावी म्हणून शिकाऱ्यांनीच निलगिरीत १८७७ साली संघटना काढली, आणि १८७९ साली निलगिरीपुरता शिकार आणि मासेमारी संरक्षणाचा कायदा झाला. ताहरच्या माद्या आणि पिल्लं मारायची नाहीत. पाठीवर पांढुरका पट्टा उमटलेला पोक्त नर तेवढा मोकळा. याच संघटनेतून पुढे ई. आर. सी. डेव्हिडार आले. स्वतः शिकार केलेला हा वकील बंदूक ठेवून ताहर मोजत डोंगर फिरला. १९७५ सालचं त्यांचं सर्वेक्षण हा ताहरच्या अभ्यासाचा पाया. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये ताहर संवर्धनाचा प्रकल्प सुरू केला आणि ७ ऑक्टोबर हा ताहर दिन डेव्हिडारांच्या नावे ठरवला. ताहर हा आता राज्यप्राणी.

त्याही आधीची गोष्ट चेन्नईपासून ऐंशी किलोमीटरवरच्या वेदंतांगलची. तळ्यातल्या पक्ष्यांवर गोरे शिपाई बार टाकतात म्हणून गावकरी कलेक्टर लायनेल प्लेसकडे गेले आणि १७९८ च्या सुमारास त्याने पक्ष्यांना मारू नये असा लेखी हक्क गावाला दिला. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: पक्ष्यांची विष्ठा पडलेलं तळ्याचं पाणी शेताला खत म्हणून येतं. शिकाऱ्यांची संघटना व्हायला अजून ऐंशी वर्षं होती.

कायद्याने आज वाघासारख्या जनावरावर गोळी झाडायची ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमानेच. जानेवारी २०१४ मध्ये निलगिरीतल्या दोड्डबेट्टाच्या परिसरात तीन माणसं मारणाऱ्या वाघाला गोळी घातली गेली. २०२१ मध्ये मसिनगुडीच्या एमडीटी-२३ या वाघाबद्दल मारायचा हुकूम निघाला, तेव्हा प्रकरण चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयात आलं आणि न्यायालयाने आधी जिवंत पकडायचा प्रयत्न करा असं सांगितलं. तीन आठवड्यांच्या शोधानंतर १५ ऑक्टोबरला तो बेशुद्ध करून पकडला गेला. म्हणजे जंगलातलं आजचं खरं हत्यार औषधाची सुई फेकणारी बंदूक आहे, आणि तिला तीस-चाळीस मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. दोनशे मीटरचा चपटा मार तिथे कुचकामी. आपल्याकडे यवतमाळच्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागली, आणि आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न खरोखर झाला का, यावर किती काथ्याकूट झाला ते महाराष्ट्राच्या वाचकांना सांगायला नको.

राहिलं रानडुक्कर. विदर्भातला शेतकरी आणि कोइमतूरकडचा शेतकरी या बाबतीत एकाच त्राग्याने बोलतात. तमिळनाडू सरकारने २०२५ च्या जानेवारीत ठरवलं ते असं: राखीव जंगलापासून एक किलोमीटरच्या आत गोळी नाही, एक ते तीन किलोमीटरमध्ये पकडून जंगलात सोडायचं, तीनच्या पलीकडे गोळी, तीही वनखात्याच्या माणसांनी. शेतकऱ्याने नव्हे. पीक ज्याचं जातं त्याच्या हातात फटाके आणि पत्र्याचा डबा. हे बरोबर की चूक यावर मी दोन्ही बाजूंनी वाद ऐकला आहे. बंदूक गावात वाटली की ती डुकरापुरती राहत नाही हे म्हणणं मला पटतं, आणि खात्याच्या माणसाची वाट बघत रात्र काढणाऱ्याचं म्हणणंही खोटं वाटत नाही.

मग बोल्ट-अॅक्शन उरली ती रेंजवर, आणि तिथे मराठी माणसाला अभिमानाची जागा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ऑलिंपिक कांस्य आणलं. त्याची .२२ रायफलही बोल्ट-अॅक्शनच, एका वेळी एक काडतूस. फक्त वजनाचं गणित इथे उलटं: नियम आठ किलोपर्यंत मुभा देतो आणि खेळाडू त्या मर्यादेच्या जवळ जायला बघतो, कारण जड रायफल हलत नाही. ज्या राधानगरीच्या रानात शाहू महाराज शिकारीला जात, तिथला मुलगा कागदावर छिद्रं पाडून पदक आणतो.

परदेशी हलकी रायफल आणायची वाटही याच खेळाडूंना उघडी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला बंदूक आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना सवलत मिळते. त्यामुळे चेन्नईतल्या साध्या परवानाधारकाला माउझर खटक्याची खरी हलकी रायफल मिळायची एकच जागा उरते: कुणाच्या तरी आजोबांचं कपाट. निलगिरीतले चहामळे, पुदुकोट्टईसारखी संस्थानं, मद्रासचे जुने वकील आणि डॉक्टर, यांच्या घरात ऑरच्या दुकानातून आलेल्या .२७५ आणि .३१८ अजून असतात. वारसाने वेळेत पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. २०१६ च्या नियमांनुसार बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात, तेव्हा ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याने आजोबांची रायफल विकावी किंवा एखादी सोडावी. सुंदर लाकूड, लंडनचं काम, तीन-साडेतीन किलो, आणि काडतुसं कुठेच नाहीत. .२७५ रिग्बी खडकीत होत नाही. म्हणून अशी रायफल विकायला निघाली तरी गिऱ्हाईक फिरून ईशापूरच्या .३१५ कडेच जातं. तिची गोळी निदान मिळते.

ज्यांना हे सगळं करूनही ती ठेवायचीच असते, त्यांना एक शेवटचा हिशेब सांगतात. विधानसभा, लोकसभा, पालिका, कुठलीही निवडणूक जाहीर झाली की आयुक्तालय परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतं. तेव्हा दमट हवेत महिना-दीड महिना पडून राहायची तयारी म्हणून नळीत तेलाचा हात जाड द्यावा, दुर्बीण काढून घरी ठेवावी आणि बैठकीचे स्क्रू कुठवर आवळले होते त्याची खूण करून ठेवावी. पावती मात्र दुर्बिणीशिवायच्या रायफलीचीच घ्यावी.